पाचवी वाटी

‘कृतार्थ’मध्ये कुणी पडलं, कुणाला भोवळ आली, कुणी भर दुपारी घोरत पडलं, की आधी कॅलेंडरावरची तिथी बघायची, हे बाबासोंच्या ध्यानात यायला तीन महिने लागले. बाकीच्यांच्या ते आधीच आलं होतं. त्यांनी फक्त दोष उपासाला दिला होता.

कृतार्थ म्हणजे खांदेश्वर स्टेशनापासून रिक्षानं दहा मिनिटांवरची एक दुमजली रो-हाऊस. दारावर ‘आयुष्याची सुरेल सायंकाळ’ अशी पाटी. त्यातलं ‘सुरेल’ सार्थ करायचं काम दहा नंबरचे आजोबा एकट्यानं करीत; दुपार झाली की ते कुठल्या तरी जुन्या साहेबाला ओरडून शिव्या देत. पुढं डॉक्टरांनी त्यांना शांत राहायची गोळी लिहून दिली आणि आजोबा शांत झाले. इतके शांत, की चमचा तोंडाशी नेऊन तो कशासाठी नेला हे विसरत. कृतार्थ चालवणाऱ्या सुनीती मॅडम आल्यागेल्याला त्यांच्याकडं बोट दाखवून सांगत, “बघा, किती सेटल झालेत.”

इथं बारा माणसं राहत. बाबासो आणि त्यांची राजाबाई ही त्यातली एकुलती एक जोडी. मुलानं, रणजीतनं, त्यांना दोन वर्षांसाठी ठेवलं होतं. कोपरखैरण्याची माथाडी कोट्यातली खोली रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि जुईनगरच्या वन-बीएचकेत सहा माणसं मावत नव्हती. आता चौथं वर्ष चालू होतं. बिल्डिंगचा पाया भरून झाला होता, असं रणजीत दर दिवाळीला सांगे.

बाबासो मूळचे पाटण तालुक्यातले. विशीत मुंबईला आले ते मशीद बंदराला पोती उचलायला. दाणाबाजार वाशीला हलला तसे तेही हलले. पस्तीस वर्षं त्यांनी पाठीवर दुसऱ्यांचं धान्य वाहिलं. मानेमागं घट्टा होता, गुडघे संपले होते, आणि अक्षरओळख म्हणाल तर पोत्यावरच्या मार्क्यांपुरती. पण ती ओळख पक्की होती, कारण ती थोबाडीत खाऊन झालेली होती.

नवीन असतानाची गोष्ट. मुकादमानं सांगितलं, थप्पीची चौथी रांग खानावळीच्या गाडीत भर. मधल्या वेळात कुणीतरी पुढची एक रांग उचलून नेली. बाबासोंनी इमानदारीनं चार मोजल्या आणि चौथी भरली. ती पेरणीच्या बाजरीची होती, कीड लागू नये म्हणून औषध चोळलेली. गाडी फाटकातून निघता निघता मुकादमाला पोत्यावरचा लाल मार्का दिसला. गाडी थांबवून त्यानं आधी बाबासोंच्या कानाखाली वाजवली आणि मग म्हणाला, “जागा बघून माल उचलतोस व्हय रं? जागा काय, कुनाचीबी आसती. मार्का बघ!” त्या रात्री बाबासो भाकरी तशीच ठेवून उठले. खानावळीतली शंभर माणसं त्यांच्या डोळ्यांपुढं पंगत मांडून बसली होती.

आता कृतार्थच्या पंगतीविषयी. पूर्वी गोळ्या वाटायला सुमित्राबाई होत्या. त्यांचं नर्सिंगचं शिक्षण कितपत झालं होतं हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून त्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारत, तळहातावर गोळी ठेवत आणि गिळल्यावर ‘आ’ करायला लावत. गेल्या उन्हाळ्यात त्या गावी गेल्या. त्याच सुमाराला सुनीती मॅडम कुठल्याशा हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आल्या आणि येताना सिस्टीम घेऊन आल्या.

सिस्टीम सोपी होती. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाला नंबर. रोज सकाळी दहाला मॅडम स्वतः टोपी आणि हातमोजे घालून, चार्ट समोर ठेवून, बारा स्टीलच्या वाट्यांत दुपारच्या गोळ्या भरत आणि एक ते बारा अशा क्रमानं ताटात मांडत. साडेबाराला संध्यानं ते ताट घेऊन दाराकडून सुरुवात करायची आणि ओळीनं वाट्या ठेवत जायचं. संध्या नवी होती, कष्टाळू होती. “क्रम सोडायचा नाही,” मॅडमनी तिला बजावलं होतं. “नावंबिवं घेत बसायचं नाही. माणूस चुकतो, क्रम चुकत नाही.” भिंतीवर कॅमेराही होता. मॅडमच्या हातून आजवर एकही गोळी चुकली नव्हती. पुढं जे चुकत होतं ते टेबलावर चुकत होतं, आणि त्या वेळी मॅडम ऑफिसात डबा खात असत.

पहिले गेले श्यामसुंदरराव, तीन नंबरचे. मंत्रालयातून निवृत्त झालेले, देवाधर्मावर फुली मारलेले गृहस्थ. संकष्टीला बाकीचे साबुदाणा खात असताना ते मुद्दाम कांद्याची भजी मागून घेत. त्या संकष्टीलाही मागितली. तीन वाजता बाथरूममध्ये पडले, दोन दिवसांनी गेले. डॉक्टर म्हणाले, वय. आठवड्याच्या आत त्यांच्या खाटेवर दुसरं माणूस आलं.

पुढच्या संकष्टीला गिरजाबाई दुपारी ज्या झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या, आणि उठल्यावर आपल्या मेलेल्या नणंदेला चहा विचारू लागल्या. सगळे म्हणाले, उपास बाधला. “या वयात सोसवत नाही हो,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी साबुदाण्याऐवजी राजगिरा सुरू केला. उपाययोजना म्हणून.

तिसऱ्या संकष्टीला पाळी बाबासोंची आली.

बाबासो उपास करत नसत. त्यांच्या शेजारी पाच नंबरला बसणारे देवजीही करत नसत. देवजी बोनकोड्याचे, बापजाद्यांपासून मिठागरावर राबलेले. जमीन शहरात गेली, मुलं टॉवरात गेली, देवजी इथं आले. त्यांना साखर होती आणि जिभेला हाड नव्हतं.

“ए हमाल,” त्या दुपारी देवजी म्हणाले, “तुझी बायको तुझ्या जल्माचा उपास करते नि तू वरन-भात चेपतोस. मेल्यावर दोघं येगयेगल्या गाडीनं जानार.”

“तू गप जेव. तुझ्या गाडीत मासळी लादलेली आसंल.”

जेवून अर्धा तास झाला आणि बाबासोंना दरदरून घाम सुटला. हात कापायला लागले. टेबल लांब गेल्यासारखं वाटलं. देवजींनी एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं, खिशातून चोरून ठेवलेला बुंदीचा लाडू काढला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. “चाव! चाव रं! साखर पडली तुझी. माझी पडते नं, तवा अशीच पडते.”

पंधरा मिनिटांनी टेबल जागेवर आलं.

“मला साखर न्हाय,” बाबासो म्हणाले.

“नाय कशी? मंग पडली काय, माझी?”

देवजी हसले. बाबासो हसले नाहीत. ते टेबलाकडं बघत होते.

संकष्टीला उपासाची माणसं देवघराजवळच्या दुसऱ्या टेबलावर बसत. कांदा-लसणाच्या ताटाशेजारी फराळाचं ताट चालत नाही. मग मोठ्या टेबलावर मधे मधे जागा पडत. आणि पंगतीत मधलं पान रिकामं ठेवायचं नाही, ते गेलेल्या माणसाचं असतं, एवढं तर कृतार्थमधल्या सगळ्यात विसराळू माणसालाही आठवत होतं. म्हणून उरलेली माणसं न सांगता दाराकडं सरकून घेत. गिरजाबाई दोन नंबरच्या. त्या उठल्या की मागचा प्रत्येकजण एक जागा पुढं. संध्या मात्र क्रमानं येत होती, आधी मोठं टेबल, मग देवघराकडचं. एक, दोन, तीन, चार. पाचवी वाटी देवजींची. आणि पाचव्या जागेवर बसले होते सहा नंबरचे बाबासो.

थप्पी सरकली होती. मार्का कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी राजाबाईंकडून मूठभर चिंचोके मागून घेतले. खाटेवर बारा मांडले, उपासाचे काढून बाजूला ठेवले, उरलेले सरकवले. श्यामसुंदरराव: भजी खाऊन गिरजाबाईंची प्रेशरची गोळी गिळून बसले, त्यांचं प्रेशर मुळातच खाली असे. गिरजाबाईंची वाटी आली होती दहा नंबरच्या आजोबांची, सेटल करणारी. राजाबाईंना या वेळी नऊ नंबरच्या बाईंची कॅल्शियमची मिळाली होती. दर महिन्याला उपासकरी बदलत, तशा वाट्या बदलत. लॉटरीच होती, फक्त तिकीट सगळ्यांनी काढलेलं होतं.

मग पुढच्या संकष्टीची मांडणी करावी म्हणून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. चतुर्थीच्या खाली मंगळवार होता.

अंगारकी. वर्षभर उपास न करणारेही त्या दिवशी करतात. बाबासोंनी बसल्या बसल्या सगळ्यांना विचारून घेतलं. जेवणारे तिघंच: ते, देवजी आणि अकरा नंबरच्या बाई. म्हणजे पहिल्या तीन वाट्या मोठ्या टेबलावर. मग ताट देवघराकडं जाणार. तिथं पहिल्या जागी गिरजाबाई, मान त्यांचा, त्यांना चौथी. त्यांच्या शेजारी, गेली चार वर्षं न चुकता, राजाबाई.

त्यांनी चिंचोका पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. तो पाचव्याच जागी येत होता.

भरल्या पोटी, एका लाडवाच्या अंतरावरून ते परत आले होते. राजाबाई एकाहत्तर वर्षांच्या, हृदयाच्या, आणि अंगारकीला चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर राहणाऱ्या. दुपारचा फराळही त्या पानाशी नुसत्या बसून दुसऱ्याला वाढून टाकत. वाटीतली गोळी तेवढी घेत. औषधानं उपास मोडत नाही, असं त्यांचं मत होतं.

“अंगारकी करू नगंस,” ते म्हणाले.

राजाबाईंनी वात वळता वळता वर बघितलं. “चाळीस वर्सं करतीया. रणजीत झाला तवा बोलले होते. आता काय झालं?”

त्यांनी चिंचोके दाखवून सगळं सांगितलं. राजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चिंचोके परत डब्यात भरले. “पोरगी येवढी मायेनं वाटी ठिवती, तिच्यावर का घेताय? आन् तुमाला देवाचं एवढंच वावडं हाय तर सरळ सांगा.”

“मग गोळी तरी घेऊ नगंस त्या दिवशी.”

“हृदयाची हाय ती. डॉक्टर म्हनले, एक दिस चुकली तर बघा.”

अंगारकीच्या आदल्या आठवड्यात ते पंगतीतल्या लोकांशी बोलले. मंगळवारी कुणीही जागेवरून सरकू नका, मधलं पान रिकामं राहिलं तर राहू द्या, वाटी तिथंच ठेवू द्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू त्यांनी टेबलावर तिरडीचा बांबू आणून ठेवला होता.

“रिकामं पान?” गिरजाबाई म्हणाल्या. “अंगारकीला? कुणाचं?”

“येकदा ठेवलं रिकामं, का भरायला कोन तरी निंगतंच,” देवजी म्हणाले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या बोलण्याला हसले नाहीत.

संध्याला त्यांनी जिन्याखाली गाठलं. तिचा चेहराच उतरला. “आबा, आई शप्पथ, मला वाटलेलं. त्या दिवशी तुमच्या वाटीत अख्खी गोळी होती, रोज अर्धी असते. मी मॅडमना बोलले पण. त्या बोलल्या, तुला फार्मसीतलं कळतं का? कॅमेऱ्यात दिसतं आबा, मी क्रम सोडला तर लगेच फोन येतो. मला दुसरीकडे कोण ठेवणार, सांगा ना.”

“बरं. तू टेन्शन घेऊ नगंस,” बाबासो म्हणाले. टेन्शन त्यांनी एकट्यानंच घ्यायचं ठरवलं होतं.

मॅडमनी मात्र त्यांचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणं हाही ट्रेनिंगचा भाग होता. मधे मधे त्या मान हलवत होत्या आणि वहीत काहीतरी लिहीत होत्या.

“म्हणजे बाबासो, तुम्हाला असं वाटतंय की कुणीतरी वाट्या बदलतंय.”

“कुनी बदलत न्हाय. मानसं बदलत्यात.”

“माणसं बदलतात.” मॅडमनी तेही लिहून घेतलं. “आणि हे तुम्हाला कधीपासून वाटतं? झोप लागते ना?”

“मॅडम, त्या क्यामेऱ्यात बघा की. तीन संकष्ट्या. कोन कुठं बसलंय येवढं बघा.”

“नक्की बघू,” मॅडम म्हणाल्या, आणि कॅमेऱ्याऐवजी फोनकडं हात नेला.

रणजीत रविवारी आला. सोबत केळी होती. बापाशेजारी खाटेवर बसून तो बराच वेळ केळ्यांविषयी बोलला. मग म्हणाला, “अण्णा, मॅडम सांगत होत्या, तुम्ही लोकांना रिकाम्या पानाचं वगैरे सांगून घाबरवताय. बुधवारी डॉक्टर येणारेत. तुम्हाला बघतील. एक हलकी गोळी देतील, म्हणे. फक्त शांत वाटायला.”

“धा नंबरच्याला देत्यात ती?”

“मला काय माहीत नंबर. अण्णा, प्लीज. दुसरीकडे कुठं जोडप्याला घेत नाहीत. मी सगळीकडे विचारलंय.”

“तुझ्या आईच्या वाटीत दुसऱ्याची साखरेची गोळी येनार हाय मंगळवारी.”

रणजीतनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात दया दाखवत होता, आणि बाबासोंना कळलं की आपला पोरगा आपलं बोलणं ऐकायचं कधीच बंद करून बसला आहे. आता तो फक्त आवाज ऐकतो आहे. “बुधवारपर्यंत नीट राहा,” रणजीत जाताना म्हणाला. “मी सांगतो मॅडमना, की एवढी गरज नाही. फक्त काही करू नका.”

हिशोब उघड होता. मंगळवारी गप्प बसलं तर बुधवारी डॉक्टर नुसते नाडी बघून जातील. दहा नंबरचे आजोबा त्या वेळी समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातात केळं होतं. ते त्याच्याकडं बघत होते, साल काढायचं कुणी सांगेल म्हणून.

मंगळवार उजाडला. देवघरात जास्वंदीचा हार, दूर्वा, उदबत्त्यांचा धूर. मॅडमनी भगव्या काठाची साडी नेसून, टोपी-हातमोजे चढवून, दहा वाजता वाट्या भरल्या. साडेबाराला नऊ माणसं देवघराकडच्या टेबलावर गेली. मोठ्या टेबलावर राहिलेल्या तिघांपैकी अकरा नंबरच्या बाई आपणहून सरकून पहिल्या जागेवर आल्या, देवजी दुसऱ्या, बाबासो तिसऱ्या. सरकू नका म्हणून सांगणारे बाबासोही सरकले. दोन माणसं पुढं जाऊन बसली आणि एकटं मागं राहायचं हे शरीरालाच जमेना.

संध्या ताट घेऊन आली. एक. दोन. तीन. बाबासोंनी आपल्या वाटीत बघितलं. दोन गोळ्या होत्या, एकही ओळखीची नव्हती.

“संध्ये,” ते हळू म्हणाले, “नाव घेऊन ठेव.”

तिनं एकदा भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि ताट घेऊन देवघराकडं वळली. गिरजाबाईंच्या पुढं चौथी वाटी टेकली. मग तिनं पाचवी उचलली. राजाबाईंनी डोळे मिटून एक हात छातीशी धरला होता, ओठ हलत होते, आणि दुसरा हात वाटीसाठी आधीच पुढं आला होता. सवयीनं.

बाबासो उठले. गुडघे कुठं होते कुणास ठाऊक. चार ढांगांत ते तिथं पोचले, संध्याच्या हातातली वाटी घेतली, ताट घेतलं, गिरजाबाईंच्या पुढची वाटी त्यात टाकली, आणि पाठीवरचं पोतं उतरवताना देतात तसा खांद्याला एक हिसका देऊन सगळं जमिनीवर उलटं केलं.

स्टीलच्या वाट्या बराच वेळ फिरत राहिल्या. शेवटची कपाटाखाली जाऊन थांबली.

“अवो!” राजाबाई ओरडल्या. “अंगारकी हाय आज!”

मॅडम डबा अर्धा टाकून धावत आल्या. फरशीवर वीस-बावीस गोळ्या पसरल्या होत्या. दोन-तीन पिवळ्या, एक लाल, बाकीच्या सगळ्या पांढऱ्या, गोल, गरीब दिसणाऱ्या.

“हे उचला. आत्ताच्या आत्ता,” मॅडमचा आवाज ट्रेनिंगमधला नव्हता.

“उचलतो,” बाबासो म्हणाले आणि खरंच खाली बसले. एक पांढरी गोळी चिमटीत धरून त्यांनी वर केली. “ही कुनाची, तेवढं सांगा. तिच्या वाटीत टाकतो.”

मॅडमनी गोळीकडं बघितलं. मग दुसरीकडं. त्यांच्या हातात चार्ट होता आणि चार्टवर नंबर होते.

“माझी कंची?” मागून देवजी म्हणाले. मग त्यांनी आपल्या पुढ्यातली वाटी उचलून नाकाशी नेली. “नि ही कोनाची खातोय मी?”

“माझी कुठली हो?” गिरजाबाई म्हणाल्या. “आणि मागच्या महिन्यात कुठली होती?”

मग अकरा नंबरच्या बाईंनी विचारलं, मग आणखी कुणी. उपासाच्या माणसांचा आवाज मुळातच बारीक असतो. कुणी ओरडलं नाही. फक्त एकेक जण आपापल्या जागेवरून तेवढंच विचारत राहिला आणि मॅडम फरशीकडं बघत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “आज कुणीच गोळी घेऊ नका.”

त्या दुपारी कुणी पडलं नाही. राजाबाईंना संध्यानं पाकिटातून, डबीवरचं नाव वाचून, त्यांची हृदयाची गोळी दिली. चंद्र बघून त्यांनी उपास सोडला. नवऱ्याशी त्या बोलल्या नाहीत, पण झोपताना त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

बुधवारी दोन गोष्टी झाल्या. सिस्टीम बदलली, बदल आधीच ठरला होता, असं मॅडम म्हणाल्या. वाट्यांवर नावांच्या पट्ट्या आल्या आणि संध्याला हाका मारायची परवानगी मिळाली. श्यामसुंदररावांचं नाव कुणी काढलं नाही. त्यांच्या जागेवर बसणाऱ्याला ते ठाऊकही नव्हते. दुसरी गोष्ट, डॉक्टर आले. त्यांनी रजिस्टरमधली मंगळवारची नोंद वाचली, बाबासोंना आजचा वार विचारला, त्यांनी बुधवार सांगितला, आणि डॉक्टरांनी ते बरोबर उत्तरही लिहून घेतलं. रणजीतनं फोनवर हो म्हटलं.

गुरुवारी दुपारी पंगत भरली. सगळे आपापल्या जागी. संध्या एकेकाचं नाव घेत गेली आणि वाट्या माणसांकडं जात राहिल्या, जशा जायला हव्यात तशा.

“बाबासो आबा,” तिनं हाक मारली. वाटी ठेवताना ती त्यांच्याकडं बघत नव्हती.

वाटीत रोजची अर्धी होती, रोजची लाल होती, आणि तिसरी, छोटी, पांढरी. बाबासोंनी वाटी फिरवून पट्टी बघितली. अक्षरं लावत लावत, बोट ठेवून, त्यांनी आपलं नाव पुरतं वाचलं. मग समोर दहा नंबरच्या आजोबांकडं बघितलं, आणि शेजारी राजाबाईंकडं. राजाबाईंची वाटी त्यांच्या स्वतःच्या नावाची होती.

“काय बघताय?” राजाबाई म्हणाल्या. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.

“मार्का,” ते म्हणाले. “बरोबर हाय.”

आणि त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.